पानाबाईचं गाळणं

कामरगावात नवा मास्तर किंवा तलाठी बदलून आला, की बाजारओळीतली मंडळी त्याला पहिल्या चहाबरोबर चांदमलशेठच्या लोट्याची गोष्ट ऐकवतात. गोष्ट जुनी आहे, शेठचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची. शेठ स्वतः किराण्याच्या गादीवर बसून ती ऐकतात आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात, त्यामुळे गोष्ट अजून शिळी झालेली नाही.

शेठची बायको पानाबाई इंझोरीची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत निघाली, तेव्हा वडिलांनी घरच्या विहिरीचं पाणी कळशीभर सोबत दिलं, कारण कामरगावचं पाणी पोरीला गोड लागत नव्हतं. इथवर सगळं ठीक. पण जैनाच्या घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत, आणि पानाबाईचं गाळणं म्हणजे चहाची गाळणी नव्हे. जाड खादी, तीही दुहेरी, ज्यातून सूर्य दिसू नये अशी. गाळून झालं की कापड उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं, आणि कापडाला लागलेले न दिसणारे जीव त्या धुवणाबरोबर लोट्यात घ्यायचे. या धुवणाला म्हणतात जिवाणी. जिवाणी वाटेल तिथे फेकता येत नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत गेली पाहिजे. दुसऱ्या पाण्यात ते जीव जगत नाहीत.

आता पाणी इंझोरीचं आणि गाळलं कामरगावात. नव्या नवरीनं लोटा भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि नवऱ्याच्या हातात दिला. चांदमलशेठना तेव्हा बायकोला 'नाही' म्हणायची सवय लागलेली नव्हती. ती पुढेही लागली नाही, हा भाग वेगळा. ते लोटा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टरनं फडकं बांधलेला लोटा पाहिला, अस्थी असतील असं त्याला वाटलं आणि हळहळत त्यांना खिडकीची जागा करून दिली. इंझोरीला तर सासरे हबकलेच. जावई एकटाच दारात, हातात फडकं बांधलेला लोटा. पोरीला काय झालं म्हणून ते ओसरीवरच खाली बसले. जिवाणी विहिरीत सोडून, जेवून, शेठ दुसऱ्या दिवशी परत आले.

लोक या गोष्टीला हसतात. हसू द्या. पानाबाईच्या घरी पुढे नळ आला, तरी तिनं मागच्या अंगणातला आड सोडला नाही. नळाच्या पाण्याची जिवाणी कुठे परत करायची, हे तिला कुणी सांगू शकलं नव्हतं. तिच्याकडे बुडाला कडी असलेला पितळी लोटा आहे. दोराला लावून तो सरळ खाली सोडायचा, पाण्याला टेकून दोर सैल झाला की तो आपोआप कलंडतो. वरून पाणी आपटत नाही, जिवांना दुखत नाही. रोज सकाळी पानाबाई आडाच्या काठावर वाकून तो लोटा सोडते आणि तो कलंडल्याचं हाताला कळेपर्यंत बोलत नाही. तेवढा वेळ दुकानात गिऱ्हाईक असलं तरी शेठसुद्धा तिला हाक मारत नाहीत.

पानाबाईला मूलबाळ झालं नाही. पण एक मूल तिच्या पदरात काही वर्षं राहिलं. शेठचा धाकटा भाऊ मंगरूळपीरला असतो, कापडाचं दुकान आहे. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात जी आजारी पडली ती अंथरुणालाच खिळली, आणि तान्ह्या जिनलला दुपट्यात गुंडाळून कामरगावी आणली. पानाबाईनं तिला वाढवली. जिनल तिला मोठीमाय म्हणायला शिकली ते बोलायला शिकली तेव्हाच. पुढे तिची आई हिंडूफिरू लागली, बरी झाली, पण पोर मागायला तिची जीभ रेटेना. गावातल्या बायका म्हणायच्या, राहू दे ना आता इथंच. पानाबाईनं कुणाचं ऐकलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी जिनलला नवा झगा घातला, वेण्या घातल्या आणि स्वतः बसमध्ये बसवून मंगरूळपीरला नेऊन तिच्या आईच्या मांडीवर ठेवली. परत आली आणि दुसऱ्या दिवशी तेच ते गाळण्याचं कापड कितीतरी वेळ खळबळत बसली. तिला फार लागलं ते. कुणाला बोलली नाही एवढंच.

जिनल सुट्टीला यायची. मग शिकायला अमरावतीला गेली, मग हैदराबादला, आणि सुट्ट्या आखडत गेल्या. ती काय शिकते हे घरात नीटसं कुणालाच माहीत नव्हतं. फोनच्या लहरीचं काहीतरी, असं शेठ गिऱ्हाइकांना सांगत. अलीकडे तर ती दिवाळीच्या दिवशी यायची आणि भाऊबीज झाली की बॅग भरायची. पानाबाई शिदोरी बांधून द्यायची आणि मनातल्या मनात म्हणायची, एकदा तरी ही काही कामधाम, सण, लग्न नसताना उगीचच यावी. एवढंच तिचं मागणं होतं. ते तिनं देवापुढेही मांडलं नव्हतं, कारण तिच्या मते देवाजवळ असली मागणी करायची नसते.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर जिनल दोन पेट्या घेऊन आली आणि "मोठीमाय, माझं काम तुझ्या गच्चीवर करायचं आहे," म्हणाली, तेव्हा पानाबाईला काय वाटलं ते विचारूच नका. तिनं आधी जाऊन गच्ची झाडली.

काम असं होतं. पेटीतून निघालेला एक यंत्राचा डबा पानाबाईच्या गच्चीवर, तसाच दुसरा शाळेच्या गच्चीवर, दोघांची तोंडं समोरासमोर. मध्ये ना उंच इमारत, ना झाड. गावातला वायरमन हरीओम दिवसभर शिडी चढत उतरत होता. संध्याकाळी पानाबाई मूग निवडत बसली होती, जिनल तिच्या ताटात बोटं घालून खडे शोधत होती, लहानपणी शोधायची तशीच.

"काय पाठवून राह्यली तू त्या डब्यातून?" पानाबाईनं विचारलं.

जिनलनं मुगाचा दाणा चिमटीत धरला. "लहर. एका लाटेपासून दुसरीपर्यंत एवढंच अंतर."

"एवढीशी? मंग थे जाते कुठवर?"

"शाळेवर गेली तरी खूप झालं. आताच्या फोनची लहर लांब ढांगा टाकते, भिंतीतूनही जाते. ही नाजूक आहे. भिंत आली की थांबते, झाडाचं पान आडवं आलं तरी थांबते, पाऊस आला की थकते. पण ओझं मात्र बख्खळ नेते. उद्या सगळे फोन हिच्यावरच चालतील, असं सर म्हणतात."

मग तिनं पेटीतून एक हिरवी पाटी काढून दाखवली. तिच्यावर तांब्याच्या बारीक बारीक चौकटी रांगेनं उमटवलेल्या होत्या, लुगड्याच्या काठावर असतात तशा. ही पाटी जिनलनं स्वतः आखलेली होती. तीन वर्षं ती याच चौकटींचं माप शोधत होती.

"हवेत काय एकच लहर आहे का, मोठीमाय? टीव्हीची, फोनची, रेडिओची, काय काय आहे. ही पाटी डब्याच्या तोंडाशी लावायची. चौकटीच्या मापात बसते तेवढीच लहर आरपार जाते."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्या परत."

"मारत नाई ना त्याईले?"

जिनल हसली. "नाई. आल्या वाटेनं परत जातात."

पानाबाईनं पाटी हातात घेऊन उजेडाकडे धरली. "मंग चांगलं गाळणं हाय तुहं," ती म्हणाली, आणि पुन्हा मूग निवडायला लागली. तिला पोरीचं काम कळलं होतं आणि ते आवडलंही होतं.

पाटी उन्हात, धुळीत, दवात कशी टिकते, लहर दिवसभर सारखी जाते का, हे पाहायचं होतं. त्याचा आलेख तिकडे हैदराबादेत जिनलच्या लॅपटॉपवर आपोआप उमटणार होता. काम नीट झालं तर वसंतात तिचा निबंध मोठ्या परिषदेत जाणार होता आणि पदवीची वाट मोकळी होणार होती. चार दिवस राहून, गच्चीला कुलूप नको लावूस असं सांगून ती गेली.

ती गेली आणि शेजारची गोजराबाई आली. गोजराबाईचं शेत गावालगत आहे, आणि तिला प्रत्येक गोष्टीतलं वाईट आधी कळतं. ती गच्चीकडे बोट करून म्हणाली, "पानाबाई, तुमी त अहिंसावाले. अन् हे काय बसवून ठेवलं वरतं? टॉवर आला तवापासून चिमण्या दिसत नाईत. मधमाशा वाट चुकतात मने. त्या लहरीनं किती जीव जात असतीन, कोन मोजते?"

गोजराबाई चहा पिऊन निघून गेली. पानाबाईचं मात्र जेवणावरून मन उडालं. तिनं जिनलला फोन लावला. जिनल कुठल्याशा मीटिंगच्या दारात होती. "काही होत नाही, मोठीमाय, कायले घाबरते? ठेवू का?" म्हणाली आणि ठेवला. खरं तर ती थांबून सांगती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या वयात मीटिंगला उशीर होणं हे जगातलं सगळ्यात मोठं संकट वाटतं.

पानाबाईनं आपल्या परीनं विचार केला. लहर दिसत नाही. बरं, पाण्यातले जीव तरी कुठे दिसतात? न दिसणाऱ्यांसाठीच तर कापड असतं. पोरीचं काम थांबवायचं नाही, आणि आपल्या गच्चीवरून कुणाला इजाही होऊ द्यायची नाही. मग सोपं आहे. तिनं खादीचा नवा कोरा तुकडा फाडला, दुहेरी केला आणि डब्याच्या तोंडावर, त्या हिरव्या पाटीवरून नीट ताणून बांधला. जे जाईल ते गाळून जाईल. आणि कापड रोज धुवायचं हा तर तिच्या आयुष्याचा नियमच. म्हणून रोज सकाळी जिवाणी आडात सोडली की ती गच्चीवर जायची, ते कापड सोडायची, धुवायची, पिळायची आणि ओलंच परत बांधून यायची.

आता यात चूक कुणाची म्हणायची? मला विचाराल तर कुणाचीच नाही. पण मुगाच्या दाण्याएवढी लहर ओल्या खादीत शिरली की तिथेच जिरते, हे पानाबाईला कुणी सांगितलं नव्हतं.

तिकडे हैदराबादेत रोज सकाळी आलेखाची रेष घसरून तळाला जायची. दुपारी ऊन तापलं, कापड वाळलं, की हळूहळू वर यायची. जिनलला वाटलं, दव. मग वाटलं, धुकं. मग वाटलं, सकाळी रस्त्यावरून तुरीच्या गाड्या जातात त्या आड येत असतील. शेवटी तिला आपल्या पाटीचाच संशय येऊ लागला, थंडीत तांबं आखडतं की काय, माप चुकलं की काय. तिनं हरीओमला फोन करून गच्चीवर जाऊन पाहायला सांगितलं. हरीओम आपली कामं उरकून दुपारी उन्हात आला. डब्यावर कापड पाहिलं, ते मशिनीचंच असणार असं समजला, आणि एक कोपरा सैल वाटला म्हणून तो तारेनं घट्ट आवळून गेला. "सगळं बरोबर हाय, ताई," त्यानं कळवलं.

जिनल पानाबाईलाही विचारी, "मोठीमाय, डब्यासमोर काही आलं का? पत्रा, डिश, कुणाचा मांडव?"

"काई नाई बाप्पा. मोकळं हाय सारं," पानाबाई सांगे. खोटं ती जन्मात बोलली नव्हती, आणि हेही तिच्या लेखी खरंच होतं. ज्यातून पाणी आरपार जातं त्याला आड आलेलं कोण म्हणेल?

या सगळ्यात पानाबाई मात्र सुखात होती. कारण रोज सकाळी न चुकता जिनलचा फोन येऊ लागला होता. ती कापड बांधून जिना उतरायची आणि फोन वाजायचा. पोरीला आपली आठवण येऊ लागली, असं तिनं शेठना सांगितलंही. शेठ म्हणाले, "मले तं कधी करत नाई." आणि पानाबाई दिवसभर त्यावर खूश राहिली.

पौषात जिनल न कळवता आली. चेहरा ओढलेला, बोलणं तुटक. सरांनी शेवटचं एकदा जाऊन पाहायला सांगितलं होतं. सकाळी डब्याला हात लावायच्या आधी रेष पाहावी म्हणून ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर उन्हात बसली. डबा कठड्याच्या कोपऱ्यात, तिच्याकडे पाठ करून, शाळेकडे तोंड. रेष वर होती, सरळ, शहाण्यासारखी. तेवढ्यात पानाबाई वर आली आणि चवड्यांवर बसून कोपऱ्यात काहीतरी करू लागली. मग पिळलेल्या कापडातून थेंब गळल्याचा आवाज आला, आणि जिनलच्या डोळ्यांदेखत रेष खाली गेली.

जिनलनं मान वर केली. पानाबाई गाठ मारत होती.

"मोठीमाय. हे काय करून राह्यली?"

"गाळणं बांधतो. धुतलं आता." मग पोरीचा चेहरा पाहून तिनं सगळं सांगितलं. गोजराबाईचं, चिमण्यांचं, मधमाशांचं.

"कधीपासून?"

"तू गेली तवापासून. एक दिवस नाई चुकवला," पानाबाई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता, बिचारीच्या.

जिनलनं उठून ते कापड सोडलं. लॅपटॉपवर रेष पुन्हा वर गेली. मग हळूच म्हणाली, "ओल्या कापडातून ती जात नाही, मोठीमाय."

"पाणी तं जाते," पानाबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला समजलं, की आपण काय करून बसलो.

जिनल खाली जाऊन सरांशी फोनवर बोलली. दार लोटलेलं होतं, तरी पानाबाईला ऐकू आलं. सगळ्या सकाळी वाया गेल्यात. हो सर. नाही, आता परिषदेला नाही जमणार. हो, वर्ष मागे जाईल. बाहेर येऊन तिनं एवढंच सांगितलं, की डबा काढायचा आहे, सरांनी दुसरं गाव पाहिलं आहे, तिकडचं काम दुसरी मुलगी पाहील.

"मी बोलू का सरासंगं? चूक माही हाय."

"तुझी नाही. मीच नीट सांगायला पाहिजे होतं," जिनल म्हणाली. पण हे ती स्क्रू काढता काढता पाठमोरीच म्हणाली. तोंड पानाबाईकडे असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याच दिवशी दुपारच्या बसनं डबा, पाटी आणि जिनल गेली. शिदोरी घेतली तिनं, पण उघडून काय बांधलंय ते पाहिलं नाही. दर वेळी पाहायची.

त्या दिवसापासून पानाबाईनं गोड सोडलं. चूक झाली की एखादा रस सोडायचा, असं तिच्या घराण्यात चालत आलेलं. कुणी तूप सोडतं, कुणी मीठ. पानाबाईचा जीव गोडावर, चहात दोन चमचे साखर लागायची. तिनं मनाशी ठरवलं, जिनल एकदा आपणहून, काही काम नसताना या घरी येईल तोवर गोड नाही. आणि येणार नाही हेही तिला जवळजवळ ठाऊकच होतं. कामासाठी येत होती तेही आपल्याच हातांनी बंद केलं. मग उगीच कशाला येते?

तिच्या कपात साखर पडली नाही, हे शेठना पहिल्याच चहाला दिसलं. ते म्हणाले, "साखर महाग झाली का दुकानात?" पानाबाईनं कप उचलून घोट घेतला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विषय काढला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळत होतं, की हिनं काही सोडलं म्हणजे हिला काहीतरी हवं आहे.

सकाळचे फोन थांबले. जिनल आठवड्याला एकदा करायची, तब्येत विचारायची. तिचा आवाज साधाच असे, पण पानाबाई त्यात राग शोधत बसे, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच. लोटा आडात सोडताना हल्ली तिचं लक्ष फोनकडे असायचं. एकदा तो मध्येच कलंडला आणि जिवाणी वरून सांडली, तेव्हा ती आडाच्या काठावरच बसून रडली.

फाल्गुनात एका सकाळी मंगरूळपीरकडून आलेल्या बसमधून जिनल उतरली. पाठीवर छोटी पिशवी आणि दोन्ही हातांत धरलेला एक स्टीलचा डबा. झाकणाला भोकं पाडलेली. ती बाजारओळीतून इतकी जपून चालत आली, की शेठ गादीवरून उठून उभे राहिले.

पानाबाई अंगणात होती. तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच. "काम निघालं का इकडं?"

"नाई," जिनल म्हणाली. "काम काहीच नाही. हे द्यायला आली."

तिनं झाकण काढलं. आत कापूस, आणि कापसावर मातीचा एक लहानसा गोळा. तीन घरांचा, बोटानं लिंपल्यासारखा. पानाबाईनं लगेच ओळखला. कुंभारीण. ती मातीच्या गोळ्या आणून भिंतीला घर बांधणारी, बारीक कमरेची माशी. एका घराला भोक होतं, दोन अजून बंद होती.

"आपल्या डब्याच्या बुडाला, खाचेत बांधलं होतं," जिनल सांगू लागली. "काढताना मला दिसलंच नाही. त्या दुसऱ्या गावाला नवा डबा गेला आणि हा तसाच लॅबमध्ये पडून होता. परवा एक बाहेर निघाली आणि सगळ्या लॅबभर भिरभिरली. सगळेजण पेपर घेऊन तिला मारायला धावले. मी खिडकी उघडली, मग डबा उलटा करून पाहिला. सारी थंडी ही त्या डब्यालाच चिकटून होती, मोठीमाय. डबा चालू होता तेव्हाही. आणि जिवंत आहे. तू म्हणत होतीस ना, जीव जातात म्हणून." ती थोडी थांबली. "सर म्हणाले, बाहेरच्या झाडावर ठेवून दे. पण ही माती आपल्या आडाजवळची आहे. कुंभारीण इथली आहे. मग तिकडच्या झाडावर कशी ठेवू?"

पानाबाईनं मातीच्या गोळ्याला हलकेच बोट लावून पाहिलं. शेठ मागून येऊन उभे होते. ते म्हणाले, "कंडक्टरनं विचारलं का, डब्यात काय हाय म्हणून?"

"विचारलं."

"मंग? काय सांगितलं?"

"घरचे आहेत, म्हटलं."

शेठ हसायला लागले ते डोळे पुसेपर्यंत हसले. पानाबाई हसली नाही. ती जिनलकडे पाहत होती. पोर रात्रभर रेल्वेत बसली असणार, वाशीमला उतरून दोन बसा बदलल्या असणार, केसांत धूळ, डोळे लाल, आणि हातातला डबा अजून सरळच धरलेला.

दोघी गच्चीवर गेल्या. डबा बसवला होता त्या कोपऱ्यात, कठड्याच्या आडोशाला, ऊन थेट लागणार नाही अशा जागी पानाबाईनं ओल्या मातीचं बोट फिरवलं आणि जिनलनं तो गोळा तिथं टेकवला. पक्का बसेपर्यंत दोघींनी हात काढले नाहीत आणि बोलल्याही नाहीत.

मग पानाबाई म्हणाली, "अन् जे निंगाली, खिडकीतून गेली, थे तिकडंच राह्यली का? एकटी?"

"तिकडं झाडं आहेत, मोठीमाय. मोठी बाग आहे. माती आहे. राहील ती."

"राहील म्हना," पानाबाई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पदरानं जिनलच्या तोंडावरची धूळ पुसली. "पन तिले इकडची वाट ठाऊक पाह्यजे."

"ठाऊक आहे," जिनल म्हणाली आणि पानाबाईच्या खांद्याला डोकं टेकवून बसली. "मला राग आला होता, मोठीमाय. खूप आला होता. तुला कळलं ना ते?"

"कळलं."

"आता नाई."

"तुहं वर्ष गेलं न माह्यापायी."

"गेलं. करीन परत. या वेळी आधी सगळ्या गावाला विचारीन, कोण काय बांधतं म्हणून."

खालून शेठनी चहा झाल्याची हाक दिली. त्यांनी स्वतः केला होता, म्हणजे तो उतू गेलेला असणार हे धरूनच चालायचं. तिघं ओसरीवर बसले. शेठनी कप भरले, आणि रोजच्यासारखा बिनसाखरेचा कप पानाबाईपुढे ठेवला. पानाबाईनं हात लांब करून साखरेचा डबा ओढला आणि चमचा भरून चहात टाकला. मग दुसरा. जिनल चहासोबतच्या भाकरीत गुंग होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शेठना ठाऊक होतं. त्यांनी डबा आणखी थोडा पानाबाईकडे सरकवला आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेले.